तळाचं पाणी

फार जुनी गोष्ट आहे, बरं का. नद्यांवर पूल नव्हते आणि कासवं माणसांशी बोलायची, तेव्हाची.

एका राज्यात एक नदी डोंगरातून उतरून मोठ्या तलावाला मिळायची. त्या तलावातून पाट निघाला होता आणि पाटाकाठची सगळी गावं त्या पाण्यावर जगत होती. पण नदी काय नुसतं पाणी आणते? माती आणते, वाळू आणते, डोंगर झिजेल तेवढा सगळा उचलून तलावात आणून टाकते. तलाव गाळानं भरला की पाण्याला जागाच उरत नाही. मग सगळ्यांत आधी कोरडं पडतं ते पाटाच्या शेवटचं गाव.

म्हणून तिथं गाळ मोजायची रीत होती. हे काम नदीकाठी राहणाऱ्या हौसाआत्याच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. नदीला पूर आला की होडी भर धारेत न्यायची. अरुंद तोंडाचा तांब्या, त्याच्या बुडाला धोंडा आणि तोंडाला बूच, असा दोरीनं सोडायचा. तळाला टेकला की बुचाला बांधलेल्या दुसऱ्या दोरीला हिसका द्यायचा आणि भरलेला तांब्या वर ओढायचा. पाणी निवळलं की खाली बसलेल्या गाळात बोट घालून बघायचं. गाळ बोटाच्या पहिल्या पेराच्या वर गेला, तर उन्हाळ्यात सगळ्या गावांनी टोपल्या-फावडी घेऊन तलाव उपसायचा. पूर आणि तळ, दोन्ही हवेतच. कारण जड माल नदी पुरात नेते, आणि तोही तळातून.

नवरा होता तोवर तो होडी सांभाळायचा, हौसाआत्या दोरी ओढायची. तो गेला आणि दोन्ही कामं तिच्याच अंगावर पडली. खांदे भरून यायचे. तळहाताची सालटी निघायची. रात्री कूस बदलली तरी तोंडातून ‘आई गं’ निघायचं.

शेजारचा भिवा भोई एकदा म्हणाला, “आत्या, होडी मी धरू का? तुम्ही नुसतं मोजा.”

“का रे बाबा? म्हातारी झाले का मी?” आत्या फणकारली. “माझं मी बघते.”

भिवा बिचारा आपल्या वाटेनं गेला. आणि त्याच पावसाळ्यात आत्यानं पहिल्यांदा होडी सोडलीच नाही. घाटाच्या पायरीवर बसून तांब्या काठच्या पाण्यात बुडवला, भरला आणि घरी आली. गाळ बसला तो जेमतेम नखभर. आत्यानं चावडीवर जाऊन सांगितलं, “गाळ नखभर आहे.”

खोटं बोलली का? नाही हो. तांब्यात जेवढा होता तेवढाच सांगितला. तांब्या कुठं बुडवला, ते तेवढं सांगितलं नाही.

गावांना काय, आनंदच झाला. भर उन्हात चिखल उपसण्यातून सुटका कोणाला नको असते? त्यांनी आत्याला साडीचोळी केली. पुढच्या वर्षीही पायरीच, त्याच्या पुढच्या वर्षीही पायरीच. आत्याच्या खांद्यांना आराम पडला, जिवाला मात्र पडला नाही. तिची एकुलती एक लेक चिमा पाटाच्या शेवटच्या गावातच दिली होती ना.

एकदा आत्या पायरीवर बसली असताना पाण्यातून एक म्हातारं कासव वर आलं.

“आत्या, वरचं पाणी काय मोजतेस?” ते म्हणालं. “तळाशी वाळूचे ढीग लागलेत. माझं बीळ केव्हाच बुजलं. दरसाल नवं उकरतो, दरसाल बुजतं. दमलो मी आता.”

“मी नाही दमले होय?” आत्या म्हणाली. “पुढल्या पुराला जाईन हो तळाला. एवढं वर्ष जाऊ दे.”

कासवानं मान हलवली आणि ते पाण्यात गेलं. पुढला पूर आला. आत्या पायरीवरच बसली.

मग एका साली पाऊस थोडा कमी पडला. थोडाच, फार नाही. पण चैत्रातच तलावाच्या मधोमध वाळूची पाठ उघडी पडली. पाटाचं पाणी वरच्या गावांपर्यंत कसंबसं पोचलं, शेवटच्या गावात ओंजळभरही गेलं नाही. गुरं हंबरून हंबरून गप्प झाली. शेवटी माणसांनी गाड्या जुंपल्या.

चिमाची गाडी आईच्या दाराशी थांबली. गाडीत भांडीकुंडी, कडेवर पोर. आत्यानं धावत येऊन पाण्याचा तांब्या पुढं केला. चिमानं पोराला पाजलं, स्वतःच्या तोंडाला लावला नाही.

“आई, तू मोजत होतीस ना गं?”

आत्या म्हणाली, “पायरीवरून मोजत होते. तुझे बाबा गेल्यापासून... दमले होते गं, चिमा.”

चिमानं आईच्या हातांकडं बघितलं.

“मग दमले म्हणून सांगायचंस. मी आले असते की होडी धरायला. आता कुठून येऊ?”

गाडी निघाली. आत्या वाटेवर उभीच राहिली.

त्या उन्हाळ्यात उरलेल्या गावांनी तलाव उपसला. पुढच्या पुरात भिवानं होडी धरली, आत्यानं तळाचं पाणी मोजलं आणि खरं ते सांगितलं. तलाव पुन्हा भरला, पाट शेवटच्या गावापर्यंत वाहिला. पण तिथल्या घरांची दारं लावलेलीच राहिली. गेलेली माणसं दूर मुलखात रुजली होती, आणि चिमाही परत आली नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: दमलात तर दमलो म्हणा, पण अर्धं मोजून पुरं मोजलं असं कधी सांगू नका.