हात वाळेपर्यंत

फार फार जुनी गोष्ट आहे. त्या काळी समुद्र ओलांडायला शिडाच्या जहाजाला सहा महिने लागत, आणि वाऱ्याने साथ सोडली तर वर्षही लागे. अशाच एका जहाजातून एक तरुण धर्मसेवक परक्या देशाच्या किनाऱ्यावर उतरला. खांद्याला कातडी पिशवी, पायांत नव्या वहाणा, आणि मनात एवढी आग, की थंडीच्या दिवसांत अख्ख्या गावाने तिच्यावर हात शेकून घ्यावेत.

त्याला जायचं होतं ते गाव आत डोंगरात होतं. तिथले लोक मका पिकवत, घायपाताचे दोर वळत, मातीची भांडी भाजत आणि स्पॅनिश बोलत. ती भाषा तरुण आपल्या मठात चार वर्षं शिकला होता. दयेवरची, क्षमेवरची, श्रद्धेवरची वाक्यं त्याला तोंडपाठ होती. समोरचा बोलला तर त्याला सगळं समजेही. पण समोरचा बोलेपर्यंत थांबायचं असतं, हे मात्र मठात कुणी शिकवलं नव्हतं. तिथे घंटा झाली की जेवायला बसायचं, घंटा झाली की उठायचं, आणि या दोन घंटांमध्ये अंतर फार थोडं.

निघताना त्याच्या गुरूंनी पिशवीत मलम, पट्ट्या आणि तापावरच्या कडू सालीची एक पुडी ठेवली होती. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "तुला एक महिना देतो. तेवढ्यात एका तरी घराने आपण होऊन तुला आपलं दुःख सांगितलं पाहिजे. नाही सांगितलं, तर परतीचं जहाज धर. दार न उघडणाऱ्या घरापुढे उभं राहणं ही सेवा नव्हे."

तरुण मनात हसला होता. त्याला वाटलं, एक घर? महिन्याभरात मी अख्खं गाव जिंकीन.

खेचरवाल्याने त्याला गावात आणून सोडलं आणि पिशवीत काय काय आहे ते वाटेत दिसेल त्याला सांगून टाकलं. एका म्हाताऱ्या विधवेने त्याला आपल्याकडे ठेवून घेतलं. ती दिवसभर अंगणात घायपाताचे दोर वळत बसे. गावकरी त्याला 'एर्मानो' म्हणू लागले. एर्मानो म्हणजे भाऊ. तो शब्द ऐकून पहिल्या दिवशी त्याचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवसापासून तो जो सुटला, तो सुटलाच. सकाळी वरची आळी, दुपारी खालची, संध्याकाळी ओढ्यापलीकडची चार घरं. प्रत्येक घरात आधी त्याला जेवायला बसवत. मक्याची भाकरी, घेवड्याची उसळ, कधी तिखट भाजलेली मिरची. तो भराभर जेवे, जेवताजेवताच चांगल्या चार गोष्टी सांगे, शेवटचा घास गिळला की हात धुवायला पाणी मागे, हात जोडे आणि पुढच्या घराकडे निघे. जाण्याआधी आठवणीने विचारेही, "तुम्हाला काही दुःख आहे का?"

घरची माणसं एकमेकांकडे बघत आणि म्हणत, "देवाची कृपा आहे, एर्मानो. सावकाश जा."

पोरांनी त्याचं नाव भोवरा ठेवलं. तो दिसला की ती एका पायावर गरगर फिरून दाखवत. एका घरी तर म्हाताऱ्या आजोबांनी सुनेला दटावलं, की पाट कशाला मांडतेस, भोवऱ्याला टेकायला टोकाएवढी जागा पुरते. सगळे हसले. तरुणही हसला, आणि पुढच्या घराकडे निघाला.

आठ दिवस गेले, बारा गेले. कुणी काही सांगेना. तरुणाला वाटलं, आपण कमी पडतो आहोत. म्हणून तो आणखी भरभर चालू लागला. आता त्याला जेवणही गोड लागेना. एका घरात बसलेला असताना त्याचं लक्ष दुसऱ्या घराच्या धुराकडे असे. पडल्या पडल्या तो उरलेले दिवस मोजत राही. त्याच्या मनात येई, हे लोक दगड आहेत. आणि लगेच दुसरं मन म्हणे, दगड तूच असशील.

एकोणिसाव्या दिवशी तो कुंभाराच्या घरी गेला. घरात कुंभार, त्याची बायको आणि सहा वर्षांची मुलगी. मुलगी कोपऱ्यात घोंगडी पांघरून पडली होती. ती झोपली आहे असं समजून तरुणाने आवाज जरा खाली घेतला. त्या दिवशी कुंभाराच्या बायकोने अंडं घातलेली उसळ वाढली होती, आणि ती दोघं त्याच्या तोंडाकडे पाहण्याऐवजी त्याच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहत होती. तरुण दयेबद्दल बोलत होता. दयेवर तो फार सुंदर बोले. बोलणं संपलं, जेवण संपलं, त्याने पाणी मागितलं.

कुंभाराची बायको जागची हललीच नाही. कुंभाराने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि स्वतः उठून तांब्या आणला.

दोन दिवसांनी, सकाळीच, तरुण त्या आळीतून परत गेला तर कुंभाराचं दार बंद. भट्टी थंड. अंगणात अर्धवट वाळलेली गाडगी तशीच पडलेली, आणि एका गाडग्यात कोंबडी जाऊन बसलेली. शेजारणीला विचारलं तर ती म्हणाली, "गेले," आणि आत निघून गेली. तिथून तावातावाने वळताना त्याच्या वहाणेचा अंगठा तुटला. तो लंगडत घरी आला.

म्हातारीने वहाण हातात घेतली, उलटीसुलटी केली, आणि नवा अंगठा वळायला घेतला. तोवर जेवून घे म्हणाली. तो जेवला. सवयीने उठायला गेला, पण एका पायाने जाणार कुठे? तो तसाच बसून राहिला. म्हातारी समोर बसून तंतू ओढत होती. बोटांना लागलेली उसळ हळूहळू वाळली, कातडी ताणल्यासारखी झाली. उन्हाची तिरीप ताटावरून सरकून भिंतीवर गेली. या गावात आल्यापासून तो पहिल्यांदाच इतका वेळ एका जागी बसला होता, आणि त्याला ते अगदी सहन होत नव्हतं.

म्हातारीने त्याच्या हाताकडे पाहिलं.

"वाळला," ती म्हणाली. "वीस दिवस मी या हाताची वाट बघतेय, पोरा. आज बसलास, म्हणून सांगते."

आणि तिने सांगितलं. त्या गावात भुकेल्या माणसाकडे कुणी काही मागत नाही, जेवत्या माणसाकडेही मागत नाही. आधी पोटभर वाढायचं. मग ताटं तशीच पुढे ठेवून बसायचं. उष्टा हात वाळेपर्यंत पाहुणा बसला, तर तो ऐकायला तयार आहे असं समजायचं, आणि मग मनातलं बोलायचं. लग्नं तिथेच ठरतात, भांडणं तिथेच मिटतात, औषध तिथेच मागतात. आणि पाहुण्याने ओल्या हाताने पाणी मागितलं, तर तो नाही म्हणाला असं समजायचं. त्याला तोंडाने नाही म्हणायची लाज नको, म्हणून पूर्वजांनी ही सोय करून ठेवलेली. एकदा नाही म्हटलेल्याला पुन्हा विचारून कुणी अडचणीत टाकत नाही.

तरुणाला एकेक घर आठवू लागलं. एकेक तांब्या आठवू लागला.

"म्हणजे मी सगळ्या गावाला..."

"सगळ्या गावाला नाही म्हणालास. कुणी वाईट मानलं नाही. भोवराच तो, म्हणाले." म्हातारीने दोराला पीळ दिला. "पण कुंभाराची पोर तापाने फणफणली होती. घरातलं शेवटचं अंडं त्यांनी तुला वाढलं. तुझ्या पिशवीतली पुडी मागायची होती. आज पहाटे पोरीला खाटेवर घालून कुंभार आणि त्याचा भाऊ शहराकडे निघाले. शहर दोन दिवसांच्या वाटेवर आहे. पुडी तिकडे विकत मिळते म्हणतात."

तरुण उठला. त्याने पाणी मागितलं नाही. म्हातारी म्हणाली, अरे वहाण तरी घालून जा. पण तोवर तो अंगणाबाहेर पडला होता, पाय अनवाणी आणि पिशवी छातीशी धरलेली.

त्या दिवशी तो जसा धावला तसा आयुष्यात पुन्हा कधी धावला नाही. वाटेत काटे होते, धारदार खडे होते. दुपार कलली तेव्हा खाली नदीच्या उतारावर त्याला खाट दिसली. पुढे कुंभार, मागे त्याचा भाऊ, बाजूने पदराने वारा घालत चाललेली आई.

तो वाट अडवून उभा राहिला. कुंभार थांबला, पण खाट त्याने खाली ठेवली नाही.

"वाट द्या, एर्मानो," तो म्हणाला. "तुमचं उत्तर आम्हाला मिळालंय. आमचा राग नाही."

तरुणाने तोंड उघडलं. चार वर्षं पाठ केलेली वाक्यं आत उभी होती, पण या वेळेला लागणारं वाक्य त्यांत एकही नव्हतं. तेव्हा तो त्या वाटेवर, धुळीत, मांडी घालून बसला. म्हातारीकडच्या उसळीने माखून वाळलेला उजवा हात त्याने पुढे केला.

"माझा हात वाळलाय," तो म्हणाला. "सांगा."

कुंभार त्या हाताकडे पाहत राहिला. आई मात्र थांबली नाही. तिने खाटेचा कोपरा धरून ती खाली ठेवायला लावली, त्याच्यासमोर धुळीत बसली आणि सांगू लागली: ताप कधी चढला, पोर काय बडबडते, आधीचं मूल कसं गेलं. तरुण पुडी सोडत होता, नदीच्या पाण्यात पूड कालवत होता, मुलीच्या दातांमधून थेंब थेंब सोडत होता, आणि ऐकत होता. मध्ये एकदाही बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मुलगी वाचली. पण तापाने जाता जाता तिचा डावा कान नेला. दोन दिवस आधी ती पुडी मिळाली असती तर तो वाचला असता की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तरुण हे स्वतःला रोज विचारी, आणि रोज त्याच प्रश्नापाशी अडे.

महिना भरला. एका घराने आपलं दुःख सांगितलं होतं खरं, पण ते आपल्यामुळे वाढल्यावर. ते कसं धरायचं? तरुणाने पिशवी भरली. तेवढ्यात कुंभाराकडून जेवायचं बोलावणं आलं.

तो गेला. मुलगी त्याच्या शेजारी येऊन बसली. जेवण झालं, आणि कुणी उठलं नाही. हात वाळू लागले. तरुणाला आतून पळावंसं वाटत होतं, कारण आता काय ऐकावं लागणार ते त्याला ठाऊक होतं. तरी तो बसून राहिला.

कुंभार म्हणाला, "त्या दिवशी पिशवी तुमच्या मांडीवर होती. तुम्ही दयेबद्दल बोलत होतात."

"हो," तरुण म्हणाला.

तरीही त्याने पाणी मागितलं नाही. मग मुलीची आई म्हणाली, "हिला आता एका बाजूचं ऐकू येत नाही. पोरं मुद्दाम त्या बाजूने हाक मारतात आणि हसतात. हिच्याशी सावकाश बोलणारं कुणीतरी हवंय. तुम्ही राहता का, एर्मानो?"

तरुणाच्या तोंडून लगेच हो निघणार होतं. त्याने ते गिळलं. तो उठला, वळसा घालून मुलीच्या उजव्या बाजूला जाऊन बसला, आणि मग तिलाच विचारलं, "राहू का?"

मुलीने विचार केला. "एक पैज," ती म्हणाली. "आधी कोण उठतं ते बघू."

तो हरला नाही. तो त्या गावात चाळीस वर्षं राहिला.

म्हातारीने त्याची वहाण दुरुस्त करून दिली होती. पण अंगठ्याच्या जागी तिने चार हात लांब दोर लावले होते, घोट्याभोवती सात वेढे घेऊन बांधायचे. तरुणाने विचारलं, की आजी, एवढे लांब कशाला, बांधायला किती वेळ लागतो. म्हातारी म्हणाली, तेवढ्यासाठीच. आणि खरोखर, पुढे कितीतरी घरांत असं झालं, की हात वाळले, बोलणं संपलं, पाणी आलं, आणि हा उंबऱ्यावर बसून वेढे घेत असताना मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "एर्मानो, अजून एक सांगायचं राहिलंच."

ज्याला थांबता येत नाही, त्याच्या हातून कितीही धावून सेवा घडत नाही.