एक्केचाळिसावी गाडी

फार पूर्वी शिलावती नगरात सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने रथकाराच्या कुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव धम्मिल. शिलावती डोंगराच्या उतारावर वसलेली. तिथे ज्याच्या घरापुढे सपाट अंगण, तो श्रीमंत. मुलांसाठी तीनचाकी लहान गाड्या करण्यात धम्मिलचा हात धरणारा कोणी नव्हता. त्या गाड्या पिंगल नावाचा व्यापारी विकत असे. दोघे लहानपणापासूनचे मित्र. पिंगल तसा वाईट माणूस नव्हता, पण भारी भित्रा होता. मांजर आडवे गेले तर दुपारपर्यंत दुकान उघडावे की नाही, याच विचारात तो बसून राही.

त्या नगरातील रथकारांचा एक रिवाज होता. नवी गाडी ज्या मुलाची असेल त्यानेच तिच्यात पहिल्यांदा बसायचे, आणि तेही वसंतोत्सवाच्या दिवशी, डोंगरमाथ्यावरच्या यक्षाच्या देवळापासून. त्याआधी दुसऱ्या कोणाचे मूल बसले तर गाडीला दृष्ट लागते, अशी समजूत होती. त्यामुळे कारागीर गाडी रिकामीच ढकलून पाहत. पूर्वी गाड्या इतक्या बुटक्या असत की मुले पाय टेकवून थांबत. यंदा धम्मिलने गाड्या उंच केल्या आणि चाक दाबून धरायला एक दांडी बसवली. माप मोठ्या रथाच्या दांडीचे घेतले. प्रत्येक दांडी त्याने स्वतः ओढून पाहिली होती, आणि प्रत्येक गाडी जागच्या जागी थांबली होती.

उत्सवाच्या सकाळी पिंगल त्याला बोलवायला गेला, तेव्हा धम्मिलची सहा वर्षांची मुलगी मृगा अंगणात आपल्या गाडीत बसली होती. तिला धीर कुठला. गाडी अंगणाखालच्या विहिरीकडे उतरू लागली. "दांडी ओढ," धम्मिल हसत म्हणाला. मृगाने एका हाताने ओढली, मग दोन्ही हातांनी ओढली. तिची बोटे दांडीला पुरती वेढतही नव्हती. गाडी थांबली नाही. धम्मिलने धावत जाऊन ती काठावर अडवली. मृगा खिदळत होती. धम्मिलचा चेहरा मात्र राखेसारखा झाला होता.

"किती गाड्या गेल्या आहेत, पिंगला?"

सुषेणाचा कायदा पिंगलला तोंडपाठ होता. सदोष काम करणाऱ्या कारागिराची हत्यारे चव्हाट्यावर मोडत आणि ते काम विकणाऱ्याला नगराबाहेर घालवत.

"उत्सव पार पडू दे," तो म्हणाला. "मग एकेक गाडी गुपचूप दुरुस्त करू. अजून कोणी तक्रारसुद्धा केलेली नाही."

"ज्याची गाडी थांबणार नाही, ते मूल तक्रार करायला कुठून येणार? किती गेल्या, सांग."

गाड्या एक्केचाळीस गेल्या होत्या. एक्केचाळिसावी राजवाड्यात, राजपुत्र अंशुमानासाठी; कोणती गाडी कोणाकडे गेली, ते फक्त पिंगलला ठाऊक होते. तिथे जाऊन हे सांगण्याची त्याची छाती होईना. राजपुत्राच्या मागे-पुढे सेवक असतात, ते धरतील, असे त्याने मनाला समजावले.

"चाळीस," तो म्हणाला.

धम्मिलने ढोल गळ्यात अडकवला आणि गल्लोगल्ली ओरडत निघाला, "माझ्या गाड्यांत खोट आहे. मुलांना बसवू नका. गाड्या परत द्या." गाड्यांना झेंडूच्या माळा घालून लोक निघण्याच्या तयारीत होते. काहींनी शिव्या घातल्या, मुलांनी भोकाड पसरले. एका आजोबांनी तर धम्मिलच्या तोंडावर दार लावले आणि तो तिथेच उन्हात बसून राहिला, गाडी मिळेपर्यंत. पिंगल मागून हातगाडी ओढत होता. प्रत्येक घरी त्याला वाटे, आता कोणीतरी राजवाड्याचे नाव काढील. कोणी काढले नाही, आणि त्यामुळे त्याची भीती आणखीच वाढली.

चाळिसावी गाडी डोंगरवाटेवरच्या शेवटच्या घरात मिळाली. त्या घराशीच वाट एकदम वळते. वळणाला कठडा नाही, आणि खाली सरळ दरी. "झाले एकदाचे," असे म्हणून धम्मिल घाम पुसत खाली बसला. त्याच वेळी वर देवळापाशी शिंग वाजले.

उत्सवाची पहिली गाडी नेहमी राजपुत्राची सुटते, आणि शिंग वाजल्यावर तिला कोणी हात लावत नाही. हे पिंगलला सकाळीही ठाऊक होते, पण त्याने ते स्वतःला आठवू दिले नव्हते.

"धम्मिला, एक राहिली," तो म्हणाला. "मी लपवली. वरून येतेय ती."

धम्मिल वळणाकडे धावला. वरून चाकांचा खडखडाट येत होता आणि त्यात मुलाचे रडणे मिसळले होते. गाडी दिसली तेव्हा अंशुमान दोन्ही हातांनी दांडीला लोंबकळत होता. धम्मिल दरीकडे पाठ करून वाटेत आडवा पडला. गाडी त्याच्या गुडघ्यांवर आदळली आणि मूल उडून त्याच्या छातीवर पडले. काठावरचे दगड खाली गेले, त्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

राजा आला तेव्हा धम्मिलला उठता येत नव्हते. "माप माझे चुकले, महाराज," तो म्हणाला. "मुलाचा हात मी माझ्या हाताने मोजला."

"ही गाडी परत का मागवली नाही?" राजाने विचारले.

धम्मिल गप्प राहिला. पिंगलला कळले की तो खोटे बोलणार नाही आणि मित्राचे नावही आपणहून घेणार नाही. आयुष्यात पहिल्यांदाच पायांना पळून जाऊ न देता पिंगल पुढे झाला आणि त्याने सगळे सांगितले.

राजाने मुलाला कडेवर घेतले आणि खाली दरीत पाहिले. त्याने धम्मिलची हत्यारे मोडली नाहीत आणि पिंगललाही हाकलले नाही. "आज ज्यांनी आपली चूक स्वतः सांगितली, त्यांना शिक्षा केली तर उद्या मला कोणी काही सांगणार नाही," तो म्हणाला. त्या दिवसापासून शिलावतीत मुलाने हाताने थांबवून पाहिल्याखेरीज एकही गाडी दुकानात गेली नाही. धम्मिल पुढे जन्मभर कुबडी घेऊन चालला.

ही कथा सांगून शास्ता भगवान भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळचा राजा म्हणजे आपला विहार बांधून देणारा गृहस्थ, राजपुत्र म्हणजे काल दीक्षा घेतलेला लहान श्रामणेर, पिंगल म्हणजे भिक्षू सुदर्श आणि धम्मिल रथकार म्हणजे मीच. आपली चूक दुसऱ्याला भोवण्याआधी सांगून टाकणे, ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची पूर्णता, होय."

मग मागच्या रांगेतून भिक्षू सुदर्श उठून उभा राहिला.

"भगवन्," तो म्हणाला, "श्रामणेर झोपतात त्या माडीच्या जिन्याची वरची पायरी निखळली आहे. मला महिनाभर ठाऊक आहे."