जबडा हलणारी बाहुली

चैत्र पौर्णिमेची संध्याकाळ, सूर्य मावळायला घटकाभर अवकाश. ठिकाण, एका गावच्या चावडीपुढचा चौक. जत्रेतला कळसूत्री बाहुल्यांचा खेळ तिथे दरवर्षी व्हायचा. त्या वर्षी तो दाबायचा प्रयत्न झाला.

खेळाचा मान एका घराण्याकडे होता. घरातले पुरुष साथीत गेले, तेव्हापासून आई, आत्या आणि मुलगी अशा तिघीच दोऱ्या ओढत. रीत मात्र जुनीच राहिली. राजा, पाटील, शिपाई यांच्या बाहुल्यांचे जबडे हलायचे. बाईच्या बाहुलीचे ओठ नुसते रंगवलेले. ती फक्त मान डोलवायची. कथाही ठरलेली: दुष्काळात पाटलाच्या वडिलांनी विहीर खणली आणि गाव वाचवलं.

मुलीने आजीकडून वेगळं ऐकलं होतं. पुरुष लढाईवर गेले होते आणि विहीर आजीने खणली होती. आजी वारल्यावर मुलीने तिची बाहुली कोरली आणि तिला हलणारा जबडा बसवला.

पाटलाला हे कळलं. खेळाआधी तो पडद्यामागे आला. खिळा ठोकून तो जबडा बंद कर, नाहीतर जत्रेचा मान दुसऱ्या घराला देतो, असं बजावून गेला. घरची चूल त्या मानावरच पेटत होती. मुलीने घाबरून आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" आई म्हणाली. "तुझी आजी विहिरीत उतरली, तेव्हा कुणाला विचारायला गेली नव्हती."

आत्याने खुंटीवरची पाटलाची बाहुली काढली आणि तिची मान दोनदा डोलवली. "बघ, पाटील हो म्हणाले."

खेळ सुरू झाला. आजीची बाहुली सांगू लागली, की ही विहीर मी एकटीने खणली. तेवढ्यात गर्दीच्या पार मागे, गावकुसाबाहेरच्या लोकांत बसलेली एक म्हातारी उठली.

"पोरी, तुझी आजी काठावर माती ओढत होती. खाली आम्ही तिघी होतो. पाणी लागलं, अन् दुसऱ्या दिवसापासून आम्हाला काठावर चढू दिलं नाही. तवा तुझी आजीबी गप्पच होती."

पाटील हसला. मुलीला ढोलकी वाजवून तो आवाज बुडवता आला असता. आजवर तसंच होत आलं होतं. पण ती बाहुली घेऊन खाली उतरली, गर्दीतून वाट काढत गेली आणि तिने दोऱ्या म्हातारीच्या हातात दिल्या.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली.

म्हातारीने कधी दोरी धरली नव्हती. शब्द आधी यायचा, जबडा मागाहून हलायचा. कुणी हसलं नाही. तिने खणणाऱ्या तिघींची नावं घेतली, आणि पुढच्यांना ऐकू जावं म्हणून आईने प्रत्येक नाव मोठ्याने पुन्हा म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी पाटलाने मान काढून घेतला. आई, आत्या आणि मुलगी गावोगाव खेळ करत हिंडू लागल्या. सोबत म्हातारीही निघाली. खाण्याचे हाल झाले, ते लपवण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक गावात खेळ संपल्यावर एखादी बाई मागे थांबायची. तिलाही काही सांगायचं असायचं. दोन वर्षांत त्यांच्या पेटीत बोलणाऱ्या सतरा बायका झाल्या.

तात्पर्य, आणि हे मुलांइतकंच मोठ्यांनीही ऐकावं: आजीकडून धीर जरूर घ्यावा, पण त्या धीराने फक्त आपल्याच आजीचं नाव मोठं करू नये. जिला कुणी बोलूच दिलं नाही, तिच्या हाती दोरी द्यावी.

विहीर अजून आहे. काठच्या दगडावर पाटलाच्या वडिलांचं नाव आणि खणल्याचं साल कोरलेलं आहे. त्या साली ते सहा वर्षांचे होते. तो दगड कुणी कोरवला, हे गावात अजून कुणीही सांगितलेलं नाही.