दोरीचा टणत्कार

डोंगरात बाणावरच चूल पेटायची, तेव्हाची ही गोष्ट. जात्र्या शिकाऱ्याच्या धनुष्याच्या दोरीला आपल्या टणत्काराचा भारी तोरा होता. तो ऐकून शिकार बाण पोचण्याआधीच उधळायची, म्हणून जात्र्याने तिला लोकरीचा गोंडा बांधला.

“तुझी थरथर मी अंगावर घेतो, बाई,” गोंडा म्हणाला. “तू फक्त शांत राहा.”

“मुकी होऊन जगू? अरे, माझ्या आवाजाने रान दणाणतं!” दोरी फणकारली. वाटेत करवंदीच्या जाळीला अंग घासून तिने गोंडा पाडला. जात्र्याच्या ते लक्षातही आलं नाही.

पाणवठ्यावर रानडुक्कर आलं. जात्र्याने श्वास रोखून बाण सोडला. टण्ण! डुक्कर दचकून बाजूला झालं, बाण चिखलात रुतला आणि डुक्कर आवाजाच्या रोखाने थेट धावून आलं. धनुष्य टाकून जात्र्या झाडावर चढला.

दोरी खाली गवतातच राहिली. कान टवकारून, हुंगत हुंगत, डुक्कर सुळे रोखून जवळ आलं. जन्मात पहिल्यांदाच तिला मुकं व्हावंसं वाटलं. पण अंगातली थरथर काही केल्या थांबेना, आणि ती बारीक आवाजात गुणगुणतच राहिली.