पाहुण्यांचं पाणी

फार वर्षांमागं, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावाला पाहुण्यांचं भारी वेड. वेड म्हणजे किती, तर घरातली प्रत्येक चांगली वस्तू पाहुण्यांची. मऊ गोधडी पाहुण्यांची, वासाचा तांदूळ पाहुण्यांचा, टवका न उडालेला पेला तोही पाहुण्यांचाच. घरच्या पोरांनी हात लावला की आया म्हणायच्या, "ठेव खाली, पाहुण्यांचं आहे ते." मग पोरं फाटक्या वाकळेवर झोपायची आणि मऊ गोधडी कडुलिंबाचा पाला घालून पेटीत बंद असायची. कधी कधी पाहुणा यायच्या आधीच तिला कसर लागायची. तरी कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

हसू नका. आधी आपल्या घरातलं काचेचं कपाट उघडून बघा, मग हसा.

तर एका वर्षी जगातले सगळे राजे एका ठिकाणी जमले, आणि तेही भांडायला नव्हे. सगळ्यांनी मिळून सतरा वचनं दिली. कुणी उपाशी झोपणार नाही, मुलगी शिकल्यावाचून राहणार नाही, जंगल उजाड होणार नाही, प्रत्येकाला स्वच्छ पाणी मिळेल, अशी ती वचनं. आजची पाळण्यातली लेकरं मोठी होईपर्यंत ती पुरी करायची, असं ठरलं.

या गावाचा राजा परत आला आणि दिवाणजींना म्हणाला, "वचनं मी तोंडानं दिली. पण ती पाळायची चुलीपाशी आणि पाणवठ्यावर. गावोगाव जा. जिथं जे नडतंय, तिथं ते आधी करा."

या गावात पाणी नडत होतं. गावाखाली एक तळं होतं. त्यात म्हशी डुंबायच्या, धुणी व्हायची आणि तेच पाणी हंड्यातून घरी जायचं. दर उन्हाळ्यात पोरांची पोटं बिघडायची, एखादं दगावायचं. दिवाणजींनी डोंगरात झरा शोधला, खापराच्या नळातून त्याचं पाणी खाली आणलं आणि गावाच्या मधोमध दगडी टाकं बांधलं. वर घट्ट झाकण, खाली पितळेची तोटी.

निघताना ते पाटलीणबाईंना म्हणाले, "हे रोजच्यासाठी आहे हो. लहानथोर सगळ्यांनी यातलंच प्यायचं. पुढच्या चैत्रात मी बघायला येईन."

गावात शब्द चालायचा तो या पाटलीणबाईंचा. बाई मनानं मोठ्या होत्या, खोटं कशाला बोलू. त्यांच्या दारातून उपाशी कुणी गेलं नाही. त्यांनी ते टाकं पाहिलं, ती लखलखीत तोटी पाहिली आणि त्यांना अगदी भरून आलं.

"एवढं देखणं काम," त्या गावकऱ्यांना म्हणाल्या. "पहिला पेला दिवाणजींनी प्यायला हवा. ते येण्याआधी आपण उष्टं करायचं, हे बरं दिसतं का?"

सगळ्या गावानं माना डोलावल्या. तोटीला कुलूप लागलं आणि किल्ली पाटलीणबाईंच्या कमरेला गेली. टाक्याला गेरू लावला, पुढं रांगोळी पडू लागली, तोटी रोज चिंचेनं घासली जाऊ लागली. डोंगरातलं पाणी यायचं थांबत नव्हतं. टाकं भरलं की वरचं पाणी सांडून जायचं, आणि जायचं कुठं, तर थेट तळ्यात. तिथं त्यात म्हशी बसायच्या, आणि मग गाव ते प्यायचं. हे सांगताना मला अजून कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

पाटलीणबाईंना एकच नात होती, भागू. दुधाचे दात पडायला लागलेलं वय. आजी निघाली की ही पदर धरून मागं. तोटी घासायचं काम तिनं स्वतःकडं घेतलं होतं.

"आजी, यातलं पाणी गोड असतं का गं?" तिनं एकदा विचारलं.

"असणारच. डोंगरातलं आहे."

"तू प्यायलीस?"

"वेडी कुठली. पाहुण्यांचं आहे ते."

"मग आपण पाहुणे कधी होणार?"

आजीला हसू आवरेना. पोर किती हुशार आहे म्हणून तिनं ही गोष्ट चार घरी सांगितली. चारही घरं हसली. भागू काय विचारत होती, ते कुणीच ऐकलं नाही.

फाल्गुन संपत आला. ऊन वाढलं, तळं आटून हिरवं झालं. इकडं गावात नुसती धांदल होती. दिवाणजी यायचे म्हणून कमानी उभ्या राहत होत्या, पेट्यांतल्या गोधड्या उन्हात पडत होत्या. आणि भागूचं पोट बिघडलं.

आधी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. उन्हाळ्यात पोरांना होतंच असं, म्हणाले. पण पोर काही पोटात ठेवीना. ओठ सुकले, डोळे आत गेले. भागूची आई सासूपुढं येऊन उभी राहिली.

"आत्याबाई, किल्ली द्या. तळ्याचं पाणी तिच्या पोटात ठरत नाही. टाक्यातलं पाजते."

पाटलीणबाईंचा हात कमरेकडं गेला. खरंच गेला. त्यांचा जीव होता त्या पोरीवर. पण तेवढ्यात त्यांना कुंभारीण आठवली. गेल्या महिन्यात तीही अशीच लेकरासाठी पाणी मागायला आली होती आणि त्यांनी नाही म्हटलं होतं. तिचं लेकरू बरंही झालं होतं. तिला नाही म्हणून आता आपल्या नातीसाठी कुलूप काढायचं? वर्षभर गावानं एक थेंब चाखला नाही, आणि पहिलं बोट पाटलाच्या घरानंच लावायचं?

"थोडेच दिवस राहिलेत गं," त्या म्हणाल्या. "दिवाणजी येऊन गेले की पाज हवं तेवढं. तोवर तळ्यातलंच दुहेरी फडक्यानं गाळून दे. आम्ही याच पाण्यावर वाढलो."

सून मागं वळली. सासूचा शब्द मोडायची पद्धत नव्हती. ती तळ्यावर गेली, हंडा भरून आणला, फडकं दुहेरी केलं आणि पाणी गाळलं. फडक्यानं काडीकचरा अडतो, रोग अडत नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तेच पाणी ती चमच्यानं पाजत राहिली.

दिवाणजी यायच्या आदल्या दिवशी भागू गेली.

निरोप पाठवून त्यांना थांबवावं असं गावानं म्हटलं, पण घोडी कधीच वाटेला लागली होती. वाजंत्रीवाले घरी परतले. सुतकातली बाई पाहुण्यासमोर येत नाही, पण पाटलीणबाई आल्या. त्यांना अडवायची कुणाची छाती झाली नाही. त्यांनी कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं, नव्या पेल्यात पाणी भरलं आणि दिवाणजींच्या हातात दिलं.

दिवाणजी उन्हातून आले होते. एका दमात त्यांनी पेला रिकामा केला.

"वा, काय गोड पाणी आहे," ते म्हणाले. "राजाला सांगतो, या गावची लेकरं भाग्यवान आहेत."

कुणी मान वर केली नाही. दिवाणजींनी सगळ्यांकडं पाहिलं. "काय झालं? बोला की."

"दिवाणजी, तुमचं टाकं आम्ही फार जपलं," पाटलीणबाई म्हणाल्या. "रोज पुसलं. तुमच्याआधी कुणाला तोंड लावू दिलं नाही. माझी नात काल गेली. पाणी पाणी करत गेली. तिलाही नाही दिलं."

दिवाणजींनी पेला खाली ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "ते तिच्यासाठीच बांधलं होतं हो."

ते जेवायला थांबले नाहीत. शिजवलेला वासाचा भात तसाच राहिला. संध्याकाळी बायका हंडे घेऊन टाक्यावर आल्या. सगळ्यांत पुढं कुंभारीण होती. भागूची आई शेवटी आली. तिनं हंडा तोटीखाली धरला, भरला, डोक्यावर घेतला आणि घरी निघून गेली.

पुढच्या उन्हाळ्यात गावात एकही पोर दगावलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पेट्या उघडल्या, मऊ गोधड्या पोरांच्या अंगावर आल्या. मुलींना शिकवायला पंतोजी आले, डोंगरावर रोपं लागली, आणि ती बघायला कुणी येणार आहे का, असं कुणी विचारलं नाही. गाव सुधारलं, चांगलंच सुधारलं. पाटलीणबाई पुढं पुष्कळ वर्षं जगल्या. लोक त्यांना म्हणायचे, "बाई, तुमच्यामुळं गावाचे डोळे उघडले." त्यावर त्या एवढंच म्हणायच्या, "एक तोटी फिरवायची होती रे. माझ्या कमरेलाच किल्ली होती."

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: जगाच्या भल्याचं वचन कुणाला दाखवण्यासाठी जपून ठेवायचं नसतं. ते आजच, आपल्याच घरातल्या लेकरासाठी वापरायला काढायचं असतं. उद्या काढू म्हटलं, तर उद्या वचन असतं, पण लेकरू असेलच असं नाही.