काळ्यात गेलेल्या सिस्टर

“अजून किती काळा करू, बाई? की पुरे झालं?”

ऋजुतानं लॅपटॉप कुमुदबाईंच्या पुढ्यात सरकवला आणि त्या काही म्हणायच्या आत स्वतःच पडद्यावर वाकून पाहिलं. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. आधी विचारायचं, मग उत्तराच्या धास्तीनं आपणच बघत बसायचं.

बाईंनी घेवड्याच्या शेंगा बाजूला ठेवल्या. चष्मा पुसला.

कराडातल्या नवऱ्याच्या फोटो स्टुडिओत चाळीस वर्षं ब्लॅक अँड व्हाइट फोटो त्यांनी धुतले होते. फोटोमागचा शिक्का नवऱ्याचा, अंधाऱ्या खोलीतले हात बाईंचे. आता ती खोली बंद होती; पण एडिटिंग करणारी मुलं अजूनही लॅपटॉप काखेत मारून त्यांच्या पडवीत येत. ऋजुता त्यातलीच. मूल झाल्यापासून मात्र पहिल्यांदाच आली होती, आणि मूलही घेऊन आली होती. चौदा महिन्यांचा ओजस पडवीतच गोधडीवर झोपला होता. मघापासून तिनं तीनदा त्याच्या नाकापुढे बोट धरून पाहिलं होतं.

“कधी दाखवायचंय हे?”

“आज. पाच वाजता.”

“आणि आता?”

“तीन.”

ज्या प्रसूतिगृहात ओजस जन्मला, तिथल्या आवळे सिस्टर आज चौतीस वर्षांनी निवृत्त होत होत्या. डॉक्टरीणबाईंनी ऋजुताला त्यांच्यावर तीन मिनिटांची फिल्म करायला सांगितली होती. चित्रीकरण जमलं होतं, रंगांनी घात केला होता. पोपटी भिंती, मोहरीच्या रंगाचे पडदे, वर ट्यूबलाइट. ऋजुतानं सगळा रंगच काढून टाकला. मग कॉन्ट्रास्टचा स्लायडर ओढला… आणखी ओढला. पांढरं लखलखीत झालं, काळं कोळशासारखं. मैत्रिणींना पाठवलं तर सगळ्यांनी एकच लिहिलं: एकदम आर्टिस्टिक.

तरी तिला सारखं वाटत होतं, काहीतरी चुकलंय, आणि ते आपल्याला दिसत नाहीये.

बाईंनी फिल्म थांबवली. पडद्यावर कुणाचं तरी नुकतं जन्मलेलं बाळ चांदण्यासारखं उजळलेलं. त्याच्यामागे पांढरा गणवेश.

“ही कोण?”

“आवळे सिस्टर.”

“कशावरून?”

“म्हणजे… गणवेश आहे ना, बाई. टोपी आहे.”

“आज निवृत्त कोण होतंय? गणवेश?”

ऋजुता हसायला गेली आणि तिचं हसू तोंडातच राहिलं.

टोपी आणि कॉलर यांच्यामध्ये काहीच नव्हतं. सिस्टर सावळ्याही नव्हत्या, चांगल्या काळ्या होत्या. काळं आणखी काळं करताना त्यांचा चेहरा मागच्या अंधारात निघून गेला होता. शंभरदा पाहूनही ऋजुताला ते कळलं नव्हतं, कारण शंभरही वेळा ती बाळाकडेच बघत होती.

ओजस जन्मला तेव्हा रडला नव्हता. ती पडल्या पडल्या छताकडे बघत विचारत राहिली, का रडत नाही, का रडत नाही… आणि तेवढ्यात तिच्यावर एक चेहरा वाकला होता. “मी आहे ना,” म्हणाला होता.

तोच चेहरा तिनं पुसला होता.

“मी बंदच करते हे,” ती म्हणाली. “डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगते, नाही जमलं. मला आता नाहीच जमत काही. पोराच्या मागे डोकं ठिकाणावर नसतं…”

“फोन नंतर कर. आधी चेहरा आण.”

ऋजुतानं फिल्ममधल्या सिस्टरांच्या चेहऱ्याभोवती गोल आखला. गोलाच्या आतला काळा उजळला. डोळे आले, नाक आलं, हनुवटीवरचा तीळ आला. तिला हायसं वाटलं. तिनं फिल्म चालू केली.

बाई खुदकन हसल्या.

“अगं, देवी केलीस की तिला. मागे प्रभावळच आली.”

तेवढ्यात पडद्यावरच्या सिस्टर बाळाकडे वाकल्या. गोल होता तिथेच राहिला. चेहरा पुन्हा अंधारात, आणि उजेड मागच्या भिंतीवर.

“सिस्टर वाकल्या,” कुमुदबाई म्हणाल्या, “तुझं तेज भिंतीला चिकटून बसलं.”

“मग करू काय?” ऋजुताचा आवाज चिरकला. “तुम्ही कसं करायचात?”

कुमुदबाईंची नजर ओजसकडे गेली.

ऊन सरकून गोधडीवर आलं होतं. ओजसच्या कपाळावर, मग पापण्यांवर. त्यानं तोंड वाकडं केलं. ऋजुता त्याला उचलायला उठणार, तोच बाईंनी तिला डोळ्यांनी बसवलं.

त्यांनी आपला हात ओजसच्या चेहऱ्यावर धरला. बराच वर. सावली त्याच्या कपाळावर उतरली.

हात स्थिर नव्हता. किंचित पुढे, किंचित मागे, पाण्यावर तरंगावा तसा. त्यामुळे सावलीला कड नव्हती. ऊन कुठे संपतं आणि सावली कुठे सुरू होते, ते सांगता येत नव्हतं. ओजसनं मान वळवली. हातही वळला.

ओजस पुन्हा गाढ झोपला.

“अंधाऱ्या खोलीत असंच,” बाई म्हणाल्या. “दिवा वर, कागद खाली, मधे माझा हात. चेहरा जास्त काळा होऊ नये म्हणून. हात थांबला की कागदावर चेहऱ्याऐवजी हातच उमटायचा.”

“हात किती हलवायचा?”

“चेहरा वळेल तितका.”

ऋजुता लॅपटॉप घेऊन भिंतीला टेकली. गोलाची कड तिनं विरघळवली, इतकी की गोल आहे हे तिलाही दिसेना. मग एकेक चित्र पुढे नेत, सिस्टर वाकल्या की गोल वाकवला, वळल्या की वळवला. उजेड थोडा कमी केला. आणखी थोडा. त्या काळ्याच राहिल्या; फक्त दिसू लागल्या.

या सगळ्यात तिनं एकदाही ओजसच्या नाकापुढे बोट धरलं नाही. हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि बाईंचा हात अजून उन्हातच होता.

तिनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. बाईंनी तीन मिनिटं पाहिलं. शेवटी सिस्टर कॅमेऱ्याकडे बघून लाजतात, तिथे त्याही थोड्या हसल्या.

मग लॅपटॉप मिटून तिच्या हातात दिला.

ऋजुतानं ओजसला कडेवर घेतलं, पिशवी खांद्याला लावली. पायरीवर थांबली.

“बाई… तिथं कुणी विचारलं, सिस्टरांच्या चेहऱ्याला काय केलंस, तर काय सांगू?”

कुमुदबाईंनी अवघडलेला हात झटकला आणि शेंगांचं ताट पुढे ओढलं.

“हात दिसला तरच विचारतील. विचारलं, तर परत ये.”