सरपंच खांबाला बांधले जातात

सरपंच दौलतरावांचा वाघ्या कुत्रा सदा आखूड साखळीला बांधलेला. येईल त्याच्यावर धावायचा.

"जातच चावरी. उद्या रानात सोडून येतो!" सरपंच गरजले.

हे ऐकून शेजारची म्हातारी ठकूबाई अंगणात आली. ती म्हणाली, "दौलत्या, उपरण्यानं तुझी कंबर ह्या खांबाला बांधते. चहा संपेस्तोवर वरडला न्हाईस, तर कुत्रं मीच सोडून येते."

सरपंच हसत बसले. म्हातारीनं बांधलं, वाफाळता चहा आणला आणि मुद्दाम हात पुरणार नाही असा ठेवला. येणारंजाणारं फिदीफिदी हसू लागलं.

"ए म्हातारे, कप सरकव की इकडं!" सरपंच खेकसले.

"एका चहात भुंकलास व्हय रं? त्यो तर जल्मभर बांधलाय!"

सरपंच ओशाळले. आता ते वाघ्याला घेऊन रोज सांजचं माळावर फिरतात, आणि तो शेपूट हलवत गावाला रामराम करतो.